हप्ता कोण कुणाला देतो?

सरकारनं गरिबाच्या खात्यात चार पैसे टाकले की सदाशिव पेठेपासून नरिमन पॉइंटपर्यंतच्या शहाण्यांच्या पोटात मुरडा येतो. रेवडी वाटली म्हणतात. करदात्याचा पैसा उधळला म्हणतात. बँका बुडवणाऱ्या शेठजींची कर्जं वहीतून पुसली जातात तेव्हा याच शहाण्यांची दातखीळ बसते. आम्ही काड्यापेटी घेतली तरी कर भरतो, पण करदाते कोण? तर हे. म्हणून आधीच सांगून टाकतो, हा लेख त्यांच्या बाजूचा नाही. आमच्या आयाबहिणींच्या हातात दीड हजार रुपये गेले याचं मला दुःख नाही. खुशाल तीन हजार करा. माझा सवाल दुसरा आहे. तो सवाल हे शहाणे विचारत नाहीत, सत्तेवरचे विचारू देत नाहीत आणि विरोधातले विचारायला भितात, कारण उद्या त्यांनाही तेच करायचंय.

सवाल असा: हा पैसा कुणाच्या ताटातून उचलला? आणि परत वाढताना त्याच्यावर उपकाराचं तूप कुणी सोडलं?

हप्ता हा शब्द आपल्या वस्तीला नवा नाही. हातगाडीवाला हवालदाराला देतो तो हप्ता. झोपडपट्टीतल्या दादाला द्यायचा तो हप्ता. सावकाराचा हप्ता, फायनान्सवाल्याचा हप्ता. जन्मभर आपण हप्ते देत आलो. आता म्हणे सरकार आपल्याला हप्ता देतंय. दोस्तहो, जरा नीट बघा. कोण कुणाला देतंय ते बघा.

तारखांपासून सुरू करू.

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. संविधान बदलणार ही भीती वस्त्यावस्त्यांतून मतदानयंत्रापर्यंत चालत गेली होती, आणि राज्यकर्त्यांना तिचा दणका बसला होता. २८ जूनला, म्हणजे चोवीस दिवसांनी, तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वर्षाला ४६ हजार कोटी. जुलैत अर्ज. रक्षाबंधन १९ ऑगस्टला; त्याच्या आत दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात पडायला लागले. हरयाणाची निवडणूक १६ ऑगस्टला जाहीर झाली. २००९, २०१४, २०१९ या तिन्ही वेळी महाराष्ट्रानं हरयाणाबरोबर एकाच दिवशी मतदान केलं होतं. या वेळी नाही. पाऊस, सण, बंदोबस्त अशी कारणं देण्यात आली. आपली घोषणा झाली १५ ऑक्टोबरला. तोवर नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आगाऊ टाकून झाला होता. पाच हप्ते, साडेसात हजार रुपये. २० नोव्हेंबरला मतदान. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. २८८ पैकी २३०.

प्रचारात सत्ताधाऱ्यांनी २१०० चं वचन दिलं होतं. विरोधकांनी ३००० ची बोली लावली. बाजारात बैल उभा करावा तशी आमची आई उभी केली होती दोघांनी. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला. २१०० गायब. ४६ हजार कोटींची तरतूद ३६ हजार कोटींवर आली. जुलै २०२५ पर्यंत २६ लाखांवर लाभार्थींचे हप्ते अपात्र म्हणून थांबवले. यादीत १४ हजारांवर पुरुष निघाले. ऑगस्टमध्ये ज्या अर्जांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, ते निकालानंतर भिंग लावून तपासले. मतदानाआधी बहीण, मतदानानंतर संशयित.

पण या सगळ्या धांदलीत एक गोष्ट सिद्ध झाली आणि ती आपण विसरायची नाही. हे सरकार सात आठवड्यांत घराघरात पैसे पोचवू शकतं. मतदानापर्यंत सव्वादोन कोटींच्या वर बायकांच्या खात्यात त्यानं पैसे टाकून दाखवले.

आजवर आपल्याला काय सांगत आले? पोर्टल बंद आहे. आधार लिंक नाही. वरून निधी आला नाही. माझा धाकटा भाऊ शहरात शिकतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेत अर्ज केला. जेवण, खोली आणि निर्वाहासाठी मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार. पोराची परीक्षा होऊन गेली, खोलीवाल्यानं ट्रंक दाराबाहेर ठेवायची भाषा केली, तेव्हा कुठं पहिला पैसा आला. मधले महिने दुपारचं एकदाच जेवला. कार्यालयात मी स्वतः चार खेपा घातल्या. साहेब एकच वाक्य बोलायचे, वरून आलं नाही. च्यायला, वरून म्हंजे कुठून? पाऊस आहे का तो?

आता दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट अडीच लाख. लाडक्या बहिणीलाही अडीच लाख. पोराला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे, जातीचा दाखला पाहिजे, आणखी दहा कागद पाहिजेत. बहिणीकडं पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला माफ. घर तेच, रेशनकार्ड तेच. आईला सात आठवड्यांत पैसे आणि तिच्या पोराला वर्ष उलटल्यावर. म्हणजे अडचण कागदाची नव्हती, पोर्टलची नव्हती, आधारचीही नव्हती. पोराच्या शिष्यवृत्तीला निवडणुकीची तारीख नाही, म्हणून तिला कुठलीच तारीख नाही.

आणि ही शिष्यवृत्ती काय कुणा मंत्र्याची ओवाळणी आहे? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी भांडून ती मिळवली. १९४४ पासून ती चालू आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मागणी केली, की अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाची आर्थिक जबाबदारी सरकारवर आहे असं घटनेतच लिहा. शब्द बघा, जबाबदारी. ओवाळणी नाही, भेट नाही. आज हा मुख्यमंत्री देईल आणि उद्या तो आखडेल, अशी गोष्ट त्यांना नको होती. पुढं १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना आली. आदिवासी उपयोजना त्याच्या आधीची, १९७४-७५ ची. सूत्र साधं होतं. लोकसंख्येत जेवढा वाटा, तेवढा विकासाच्या पैशात वाटा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के. नियोजन आयोगानं बजावलं होतं, की हा पैसा दुसरीकडं वळवायचा नाही आणि खर्च झाला नाही म्हणून बुडवायचाही नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी वळवले. एका महिन्याच्या हप्त्यासाठी. ते एकदाच घडलं असंही नाही, त्याच वर्षात सामाजिक न्यायाच्या पैशावर पुन्हा हात पडला. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी उघड संताप केला. खातं नको असेल तर बंद करा, इथपर्यंत बोलले. बोलले आणि खुर्चीवर बसून राहिले. ४१० कोटी ३० लाखाला ६० हजारांनी भागा. ६८ हजार पोरांचं वर्षभराचं जेवण आणि खोली. एका महिन्याला.

सरकारचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. म्हणे, लाभार्थींमध्ये अनुसूचित जातीच्या बायका आहेतच ना? मग त्यांचा पैसा त्यांच्याच उपयोजनेतून दिला, चोरी कसली?

चोरी अशी. एका गल्लीत दोन बायका. दोघींना दीड हजार. एक आपली, एक पलीकडच्या आळीतली. पलीकडचीला दीड हजार राज्याच्या तिजोरीतून. आपलीला दीड हजार तिच्याच लेकराच्या शिष्यवृत्तीच्या तिजोरीतून. मग राज्याच्या मोठ्या तिजोरीत आपल्या बाईचा वाटा गेला कुठं? ती या राज्याची नागरिक नाही काय? सगळ्यांच्या विहिरीवर तिला पाणी नाही, तिनं तिच्या वेगळ्या आडातलंच पाणी शेंदायचं, आणि शेंदल्यावर गावाला धन्यवाद द्यायचे. १९२७ ला महाडच्या तळ्यावर जे मोडलं ते २०२५ ला अर्थखात्याच्या फायलीत परत बांधलं. उपयोजना ही सगळ्यांना मिळतं त्याच्या वरची, शेकडो वर्षांच्या लुटीची भरपाई. सगळ्यांना मिळतं तेच आपल्याला भरपाईतून मिळालं, तर भरपाई शून्य झाली. हे गणित चौथीतल्या पोराला कळतं. मंत्रालयालाही कळतं. म्हणूनच ते केलं.

आता निधी आणि मत यांचं लग्न कसं लावतात ते बघू. एप्रिल २०२४ मध्ये इंदापूरला अजित पवार भर सभेत बोलले. सार असं, की पाहिजे तेवढा निधी देतो, पण बटणं कचाकचा दाबा, नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये बारामती तालुक्यातल्या माळेगावला तेच दुसऱ्या शब्दांत. तुमच्या हातात मत, माझ्या हातात निधी, तुम्ही काट मारली तर मीही मारीन. एका माणसाला झोडायला हे सांगत नाही. बाकीचे मनात ठेवतात ते त्यानं तोंडानं म्हटलं, एवढंच. २०१९ ला उत्तर प्रदेशात सुलतानपूरच्या उमेदवार मनेका गांधी यांनी पिलीभीतचा हिशेब जाहीर सांगितला होता. ८० टक्के मत देणारं गाव अ वर्गात, ६० वालं ब, ५० वालं क, त्याच्या खालचं ड. आणि विकास त्या क्रमानं. निवडणूक आयोगानं त्यांना ताकीद दिली. नुसती ताकीद!

गावाचा वर्ग यांना कसा कळतो? मत तर गुप्त असतं ना? तुझं मत गुप्त आहे भावा, तुझ्या वस्तीचं नाही. मतदानयंत्र केंद्रावार मोजतात आणि फॉर्म २० नावाच्या तक्त्यात प्रत्येक केंद्राचा आकडा छापतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पुष्कळ ठिकाणी तिचंच केंद्र असतं. तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर कागद येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, महारवाड्यानं दिलं नाही. पूर्वी कागदी मतपत्रिका अनेक ठिकाणी मिसळून मोजायचे, त्यात वस्ती लपायची. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरू द्या, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं. विधी आयोगानं २०१५ मध्ये पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं नाकारलं. का नाकारणार नाही? चाबूक मारायचा तर पाठ दिसायला पाहिजे.

आमच्या वस्तीत निवडणुकीच्या आधी पेव्हर ब्लॉक आले, हायमास्टचा खांब आला, समाजमंदिराला रंग आला. निकाल लागला. आमच्या केंद्रावर जिंकलेला माणूस मागं होता. गटाराचं काम अर्ध्यावर थांबलं ते दोन पावसाळे तसंच. त्या उघड्या चरात म्हातारी माणसं पडली. ठेकेदार म्हणाला, मला विचारू नका, तक्ता बघा.

मग पैसा टाकला की निवडणूक जिंकता येते का? इथं आपल्यातले काही शहाणे हताश होऊन मान हलवतात. लोक विकले गेले म्हणतात. मी ते मानत नाही. पुरावा देतो.

तेलंगणात करीमनगरच्या बाजूला हुजुराबाद नावाचा मतदारसंघ आहे. २०२१ ला तिथं पोटनिवडणूक लागली. मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी दलित बंधू योजना काढली. दर दलित कुटुंबाला १० लाख, कर्ज नाही, अनुदान. तेलंगणा मोठं, दलित सगळीकडं, पण पथदर्शी मतदारसंघ कुठला? हुजुराबाद. ऑगस्टमध्ये पहिले ५०० कोटी तिथं सोडले. राजकीय फायद्याचं विचारल्यावर मुख्यमंत्री काय म्हणाले, तर आमचा पक्ष काय संन्याशांचा मठ आहे काय? १८ ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं योजना थांबवली. ३० तारखेला मतदान झालं, २ नोव्हेंबरला मोजणी. सत्ताधारी पक्ष २३ हजारांवर मतांनी आपटला. इतर जाती विचारू लागल्या होत्या, दलितांना बंधू, मग आम्हाला कोण? २०२३ ला तर सरकारच गेलं, ११९ पैकी ३९ जागा राहिल्या. आणि दलित बंधू? योजना राजाची होती, राजा गेला, योजना गेली. ज्यांचा नंबर यायचा होता ती हजारो घरं तशीच राहिली.

आंध्रात जगनमोहन रेड्डी यांच्या सरकारनं पाच वर्षं खात्यात पैसे टाकले, २०२४ ला १७५ पैकी ११ जागा राहिल्या. मध्य प्रदेशात २०२३ ला लाडली बहनावाले जिंकले. बिहारात सप्टेंबर २०२५ मध्ये ७५ लाख बायकांना दहा दहा हजार दिले आणि नोव्हेंबरात सत्ताधारी आघाडीला २४३ पैकी २०२ जागा. कुठं लागू पडतं, कुठं पडत नाही. पैसा हे यंत्र नाही, की इकडून नोट टाकली अन् तिकडून मत पडलं. आमची बाई पैसे घेते आणि मनाला येईल तिथं बटण दाबते. तिला विकाऊ म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचा जमिनीचा धंदा बघावा.

मग या पैशानं होतं काय? माझ्या मते दोन गोष्टी होतात, आणि मत विकत घेण्यापेक्षा त्या भयंकर आहेत.

एक, हक्काचा उपकार होतो. शिष्यवृत्ती थांबली तर तू मोर्चा काढू शकतोस, कोर्टात जाऊ शकतोस, कारण ती तुझी आहे. ओवाळणी थांबली तर काय करणार? भावाच्या दारात रडणार. हुजुराबादची योजना गेली तेव्हा मोर्च्यानं राज्य हललं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निवडणुकीचा पैसा कुठून तरी काढावा लागतो. साखर कारखान्याच्या हमीतून काढला तर कारखानदार सरकार पाडेल. बिल्डरच्या सवलतीतून काढला तर बिल्डर थैली बंद करेल. मग कुणाचं ताट ओढलं तर आवाज येत नाही? ज्याच्या मताची भीती उरली नाही, त्याचं. जून २०२४ ला आपली भीती होती, तेव्हा संविधानाच्या प्रती छातीशी धरून फिरत होते. मे २०२५ ला विधानसभा साडेचार वर्षं लांब होती. तेव्हा वळवले.

आणि हे एका पक्षाचं पाप नाही. २०१० ला दिल्लीत काँग्रेसच्या सरकारनं विशेष घटक योजनेचे सातशे कोटींच्या आसपास रुपये राष्ट्रकुल खेळांकडं वळवले. आपल्या पोरांच्या पैशावर खेळाडू पळाले, आणि केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम यांना संसदेत चूक कबूल करावी लागली. कर्नाटकात तर २०१३ पासून उपयोजनेचा कायदा आहे. तरी २०२३-२४ मध्ये काँग्रेसच्या सरकारनं पाच गॅरंटींसाठी या पैशातले ११ हजार कोटींच्या वर धरले. मग गंमत बघा. बंगळुरूत भाजप बोंबलतो, दलितांचा निधी पळवला. मुंबईत काँग्रेस बोंबलते, दलितांचा निधी पळवला. दोघंही खरं बोलतात. फक्त आपापलं राज्य सोडून.

आपले २९ आमदार कुठं होते? महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ जागा राखीव आहेत. ४१० कोटी गेले तेव्हा २९ जणांपैकी एकानं राजीनामा तोंडावर फेकला नाही. फेकणार कसा? १९३२ च्या पुणे करारानं ठरवून ठेवलंय, की आपला माणूस निवडायचा, पण निवडणार बहुसंख्य ते. तिकीट देणार पक्षाचा मालक. मग तो आपल्या वस्तीला जबाबदार का मालकाला? आणि बाहेर उरलेले आपले पुढारी? १९५७ ला एक रिपब्लिकन पक्ष होता, आता गटांची संख्या मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. प्रत्येक गटाला एक महामंडळ, एक विधान परिषद, एक गाडी पाहिजे. दहा तुकड्यांत वाटलेल्या मताला कोण भिणार?

म्हणून मागण्या लिहितो. बैठकीत वाचा, भांडा, दुरुस्त करा, पण गप्प बसू नका.

१. उपयोजनेचा कायदा. आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ ला केला, तेलंगणानं २०१७ ला, राजस्थाननं २०२२ ला. २०२५ मध्ये आपला पैसा वळवला तेव्हा महाराष्ट्रात तो नव्हता. आणि कर्नाटकासारखा चोरवाटांचा कायदा नको. वळवणाऱ्या सहीला शिक्षा पाहिजे, वळवलेली रक्कम व्याजासह परत पाहिजे.

२. सगळ्यांसाठीच्या योजनेचा पैसा सगळ्यांच्या तिजोरीतून. आमच्या बाईचा दीड हजारही तिथूनच.

३. शिष्यवृत्ती आणि स्वाधार दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. लाडक्या बहिणीला जमतं, लाडक्या भाच्यालाही जमवा.

४. मतं मिसळून मोजा. वस्तीची पाठ उघडी ठेवू नका.

५. ही आपली आपल्याला आहे. मत मागायला येईल त्या प्रत्येकाला, निळं उपरणं घातलेलं असलं तरी, वस्तीत उभं करून विचारायचं: वळवलेल्या पैशाबद्दल तू सभागृहात काय बोललास? कागद दाखव. कागद नाही तर चहा पाजून परत पाठवायचा.

आयांनो, बहिणींनो, पैसे घ्या. एक रुपया सोडू नका. तो आपला आहे, आपल्या पोरांच्या ताटातला आहे. फक्त घेताना हात जोडू नका, आणि खांबावरच्या फोटोकडं बघून भाऊ म्हणू नका. भाऊ बहिणीच्या लेकराचं ताट विकून तिला ओवाळणी घालत नाही.

हप्ता ते देत नाहीत. दर महिन्याला हप्ता आपण भरतोय.

जय भीम.